बांधावरचं लपण

१८ नोव्हेंबर १९९१

काल सकाळी पाणी भरून झालं, भाकऱ्या झाल्या, भांडी घासून पालथी घातली, आणि ओटा पुसता पुसता खिडकीबाहेर पाहिलं तर समोरच्या उथळ पाण्यात शेकाट्यांचा थवा उभा. लांब लाल पाय, काळी-पांढरी अंगं, सगळे कसे धुतल्यासारखे स्वच्छ. फडकं हातातच राहिलं. सामान अजून गोणीत होतं, देव डब्यात होते, पण मनात आलं, इथे आपले दिवस बरे जातील.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. पनवेलची भाड्याची खोली मालकाने विकायला काढली म्हणून मी इथे कामोठ्यात आले. गावाच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून बळीराम आणि साळूचं घर आहे. त्यांच्या मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. बळीराम पूर्वी मिठागरावर कामाला जायचे. आता ते मिठागर पडीक आहे, नुसतं खाजण झालंय. भरतीला त्यात पाणी येतं, ओहोटीला चिखल राहतो, आणि पाखरांना तेवढं पुरतं.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन पुडीच्या कागदांवर आणि रद्दीतल्या मासिकांवर झालं. ह्यांचा लग्नात फोटो काढायचा धंदा होता. माझा हात त्यांच्यापेक्षा स्थिर आहे असं तेच म्हणायचे. ते गेल्यावर मी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. पण हळदीच्या मांडवात विधवा बाई कॅमेरा घेऊन पुढे येणार, हे कोणाला चालेना. तोंडावर कोणी बोललं नाही, जेवून जा म्हणाले. तेव्हापासून मी पाखरांचे फोटो काढते. त्यांना माझ्या कपाळाशी काही देणंघेणं नसतं. पोटापुरतं शिवणकाम आहे.

प्राजक्ता, माझी मुलगी, पुढच्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. आतल्या खोलीत सकाळचं ऊन येतं. बाळाला त्या उन्हात निजवता येईल.

२४ नोव्हेंबर

बळीरामांनी मिठागराच्या बांधावर मला लपण बांधून दिलं. चार काठ्या, वरून जुनं गोणपाट, समोर कॅमेऱ्यापुरतं भोक. आत दडून बसायचं आणि पाखरू जवळ येईपर्यंत हलायचं नाही. पण पाखरं हुशार. मला आत शिरताना बघतात आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसतात.

मग मला एका जुन्या मासिकात वाचलेली युक्ती आठवली. पाखरांना मोजता येत नाही. दोघांनी मिळून लपणात जायचं, थोड्या वेळाने एकाने बाहेर पडून सगळ्यांना दिसेल असं निघून जायचं. पाखरांना वाटतं, माणूस गेला.

साळूला हे सांगितलं तर ती पदर तोंडात कोंबून हसली. म्हणाली, "म्हंजे मी नुसती जायाला येऊ? आमच्या ह्यांना सांगते, मला काम लागलंय. काम काय, तर घरी जा!"

आली मात्र. आत माझ्या शेजारी उकिडवी बसली, जांभया दिल्या, आणि मग बाहेर पडून सगळ्या खाजणाला ऐकू जाईल असं ओरडली, "बरं बाय, मी निघते, घरी कामं पडल्यात!" चपला चिखलात आपटत गेली. ती दिसेनाशी झाली तसा एक वंचक, तो मातकट बगळा, आला, मग खंड्या आला आणि त्याने समोरच्या खुंटावर मासा आपटून आपटून खाल्ला. मी अर्धा रोल संपवला.

संध्याकाळी बळीराम म्हणाले, मुक्या जिवांना फसवू नये. साळू लगेच म्हणाली, "मला जलमभर फसवलंत, तवा नाय आठवलं?"

खूप दिवसांनी मी मोठ्याने हसले.

३० नोव्हेंबर

साळू ओवे गावाला भावाकडे गेली आहे. दोन सकाळी एकटी बसले, एकही पाखरू जवळ आलं नाही. आज मला एक कल्पना सुचली. आत बसून मीच मोठ्याने म्हटलं, "बरं बाई, मी निघते, घरी कामं पडलीत." मग चपला हातात घेऊन चिखलावर आपटल्या, आधी जोरात, मग हळू, मग आणखी हळू, म्हणजे कोणी लांब लांब जातंय असं वाटावं.

माझं मलाच हसू येत होतं. पण पाखरं आली. साळू असताना यायची त्याहून लवकर आली, आणि कितीतरी जवळ.

३ डिसेंबर

साळू काल परत आली. आज तोंड फुगवून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "तुमी आता मोठ्या फोटोवाल्या झालात. काल दारावरनं गेलात, मी एवढ्या हाका मारल्या, तर मान वळवून बगितलं पन नाय."

मी विचारलं, कधी. तिने सांगितली ती वेळ मी लपणात होते. काल मी पुन्हा तेच सोंग केलं होतं, तेच बोलणं, त्याच चपला.

दुसरी कोणी असेल, असं मी म्हटलं. साळू म्हणाली, माझ्या निळ्या काठाचं लुगडं ती ओळखत नाही का?

नंतर आज लपणातून निघताना बांधावर पाहिलं. लपणापासून घराकडे जाणारी पावलं होती. ठसे माझ्याच चपलांचे. माझी पावलं अजून उमटायची होती, मी तर तेव्हा कुठे निघत होते.

७ डिसेंबर

आज मी काही बोलले नाही. चपला पायातच ठेवल्या. गप्प बसायचं असं ठरवूनच गेले होते.

थोड्या वेळाने माझ्या शेजारून, जिथे साळू बसायची तिथून, माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "बरं बाई, मी निघते."

गोणपाट हललं. चिखलात पावलं वाजली, लांब गेली.

मी मान वळवू शकले नाही. समोर वंचक येऊन उभा राहिला. मग तो लपणाच्या आत आला. माझ्या गुडघ्यावर चढला आणि तिथून मासे बघत बसला. त्याचे पाय थंड होते. मी कॅमेऱ्याचा खटका दाबला, मग मुद्दाम टाळी वाजवली. तो उडाला नाही.

९ डिसेंबर

पनवेलच्या दुकानात धुवायला दिलेल्या रोलचे फोटो आणायला गेले. दुकानातल्या विठूने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी दोनदा हाक मारली. त्याच्या हाताला धरून हलवलं तेव्हा तो दचकून म्हणाला, "अहो ताई, कधी आलात? फोटो तर काल नेलेत की!"

घरी आले. फोटो फळीवर नीट मांडून ठेवले होते. मी मांडले नव्हते.

११ डिसेंबर

लपणात जायचं नाही असं ठरवलं. सकाळी पाणी आणायला गेले. साळूशी बोलले. तिने माझ्या अंगावरून पलीकडे पाहिलं आणि हंडा भरत राहिली. तिचा दंड धरून हलवला. तिने नुसता दंड खाजवला.

परत आले तर घरात ती दुसरी होती.

पाठमोरी. निळ्या काठाचं लुगडं. ओटा पुसत होती. माझ्यासारखाच, कोपऱ्यापासून. तिने वळून दाराकडे पाहिलं. चेहरा माझा. मी गेल्या तीन वर्षांत आरशात पाहिला त्यापेक्षा बरा. दुःख नसलेला.

दाराबाहेरून साळूने तिला हाक मारली, "झाली का भाकरी?" ती म्हणाली, "झाली की!"

मी कुठे जाणार? लपणात आले.

१४ डिसेंबर

इथेच बसते. भूक लागत नाही. काल कांदळवनातला कोल्हा आला, माझ्या पायांवरून चालत गेला. याच कोल्ह्याच्या फोटोसाठी मी आधी किती दिवस दबा धरून बसले असते.

आज साळू गवत कापायला बांधावर आली. उन्हाने दमली आणि सावलीला म्हणून लपणात शिरली. माझ्या शेजारी बसली आणि एकदम किंचाळली. तिला मी दिसले. म्हणाली, "अगो बाय, तुमी? आता तर तुमाला घरात बगितलं!"

मी घाबरून बाहेर पळाले. पाखरं उडाली. सगळी. मला पाहून! ऊन अंगाला लागलं. पोटात भूक पेटली. मी सुटले होते.

मग मागे पाहिलं. साळू आत बसली होती. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. एक बगळा तिच्या खांद्यावर उतरत होता.

मी परत आत गेले. तिला ढकलून बाहेर काढलं. ती रडत घराकडे पळाली. पुन्हा इकडे येणार नाही.

दोघी आत गेल्या की एकच बाहेर येते. जी आत राहते, ती कोणासाठीच राहत नाही. आता कळलं.

१७ डिसेंबर

प्राजक्ता आली. जावई तिला पोचवून गेले. मी बाहेर खिडकीशी उभी होते. तिचं पोट खाली उतरलंय, चेहरा भरलाय. माझा चेहरा घेतलेली ती प्राजक्ताच्या केसांना तेल लावत होती. मी हाक मारली. प्राजक्ता म्हणाली, "आई, खिडकी लाव गं, वारा येतोय."

साळू दारात येऊन काहीतरी सांगू पाहत होती. बळीरामांनी तिला ताप आहे म्हणून घरात नेलं.

मग तेल लावणारी ती प्राजक्ताला म्हणाली, उद्या तुला माझी पाखरं दाखवते. दोघी जाऊ. तू लपणात बस. मी निघून जाईन, म्हणजे ती जवळ येतील.

प्राजक्ता हसली. हो म्हणाली.

पोटातल्या बाळासकट —

तिला आत बसू दिलं तर मी सुटेन. तेवढं मला कळतं. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

१८ डिसेंबर

उजाडताच लपणाच्या काठ्या उपटल्या. गोणपाट ओहोटीत सोडलं. वाहून गेलं. आता कोणाला बसवायला जागा नाही. मला बाहेर यायलाही —

दोघी आल्या. प्राजक्ताला पाहून शेकाटे उडाले. तिने विचारलं, "आई, कुठंय गं तुझं लपण?"

घरातली ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तिला मी दिसते.

प्राजक्ता दमली. म्हणाली, चल, घरी जाऊ. तिचा हात धरून वळली. मी त्यांच्या मागोमाग बांधावरून चालत गेले, आणि दाराशी पोचले तेव्हा आतून कडी लागली.