मोठ्या काकांनी बसवलेला ब्रेक

९ जानेवारी, आष्टी
गावात सत्कार. ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर, तरी हलगी, फेटा, जीप! जीप नाकारली, ट्रॅकच्या सायकलवरच आले. हिचं पेडल थांबलं की चाकही थांबतं. बाया ओवाळायला आडव्या. "अगं थांब की पोरी!"
भाषण तापलं. भाषणासाठी महिनाभर वाचलेलं सगळं बाजूला राहिलं. "माझ्या सायकलीला ब्रेक नाही, मला नकोच! दहावीनंतर मुलींना लावता तोही काढा!" टाळ्या थांबेनात.

११ जाने.
भोकरदनच्या कॉलेजात व्याख्यान. एक मुलगी, "ताई, पडायची भीती वाटत न्हाई का?" वाटते. तसंच सांगितलं.
आता दिल्ली, निवड चाचणी. पुढच्या ऑलिम्पिकची वाट तिथूनच. अंगात नुसतं वारं.

१२ जाने., सकाळ
सायकल बांधायला गेले तर पुढे ब्रेक! मोठ्या काकांचं काम, त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. काल मी नसताना पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला ड्रिलने भोक पाडून बसवला. चेहरा फुललेला.
"तूच म्हन्ली स्टेजवर, ब्रेक न्हाई म्हून. झोप लागंना मला."
"काका, ट्रॅकवर ब्रेक चालतच न्हाई!"
"मंग थांबता कसे?"
"पायानं."
"पाय हायेत का बैल?"
कार्बनचा चिमटा. भोक पडलेला, वेगात मोडणार. ओरडायचं सोडून फोन लावला.
कोच सर फोनवर: "ती आणूच नकोस. शिबिरातली देतो. तुझ्या मापाची नाही, बघ."
काका ऐकत उभे. "मी येतो दिल्लीला." काकू आतून, "हितं काय कमी केलं का?"

१५ जाने., दिल्ली
ही सायकल लांब पडते, खांदे भरून येतात. पण पळते! ट्रॅकच्या उंच वळणाच्या माथ्यावरून खाली सोडली आणि किंचाळलेच.
काका त्या चढाकडे बघून, "इतका तिरपा बांध कुनी घातला?"
जागेवरून सुटायचा सराव. मागून सायकल धरणारा हवा. सरांनी काकांना उभं केलं. शिट्टी झाली, मी जीव खाऊन पेडल दाबतेय, सायकल हलेना! काकांनी दोन्ही हातांनी सीट आवळलेली.
"काका, सोडा ना!"
"पडशील की."
सगळं मैदान हसलं. मीही. कितव्यांदा तरी सोडलं, आणि अशी सुटले की सरांनी घड्याळ दोनदा बघितलं.
उद्या चाचणी. धरायला आपला माणूस चालतो. मी काकांचं नाव दिलंय.
ते अजून हो म्हणालेले नाहीत.