मावशीचे हातमोजे आणि माझी सुजलेली बोटे

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. (हातही ठेवले असते, पण सध्या ते कशावरच ठेवता येत नाहीत.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला, की तोही त्यांच्यासारखा तुझे ऐकत नाही?

अक्षर वेगळे दिसेल. घाबरू नकोस. मी सांगतो आहे आणि दुकानात फिती कापणारी मुलगी लिहिते आहे. (‘सूज’मधला सू दीर्घ, हे मी तिला दोनदा सांगितले. तिने तो आधीच दीर्घ काढला होता.) तुझ्याकडे एक मागणेही आहे, पण त्यासाठी अजून धीर गोळा करतो आहे.

तुला ठाऊकच आहे, फुलांच्या दुकानातल्या थंड खोलीत बसून मी गुच्छ बांधतो. देठ ओले, पाणी गार, आणि दार जरा उघडे राहिले की मालक ओरडतात, त्यामुळे फुलांबरोबर आम्हीही ताजे राहतो. यंदा माझी बोटे लाल झाली, मग जांभळी, मग अशी खाजू लागली की विचारू नकोस. दुखण्यावर शेक द्यावा ही तुझीच शिकवण, म्हणून जरा फुरसत मिळाली की मी चहाच्या गरम किटलीला हात लावून बसायचो. तू विणलेले हातमोजे तर झोपेतही काढले नाहीत. तरी बोटे केळ्यांच्या फणीसारखी फुगली. गाठ मारता येईना. हातांची सूज उतरली नाही तर मालक दुसरा माणूस बघणार आहेत. (तूर्त माझे गुच्छ ही लिहिणारीच बांधते, मालकांची पाठ वळली की.)

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हात कापावे लागतील का, असे आधीच विचारून घेतले. त्या म्हणाल्या, गारठलेल्या हातांना एकदम चटका दिला की सूज वाढते. हळूहळू ऊब द्यायची, हात कोरडे ठेवायचे, मलम लावायचे, खाजवायचे नाही. मग त्यांनी हातमोजा उचलून उलटसुलट पाहिला.

"हा कोणाच्या मुलाचा?"

मावशी, यात तुझी काही चूक नाही. तू माझा हात धरून मला शाळेत सोडायचीस, माप तू तेव्हाचेच धरलेस. घट्ट मोज्यात रक्त नीट फिरत नाही म्हणे. मी त्यांना स्पष्ट सांगितले, मोजे बरोबरच आहेत, माझाच हात मावशीला न कळवता वाढला.

आता सूज उतरते आहे. हातांत पायमोजे घालून फिरतो. लोक आधी हाताकडे बघतात, मग पायाकडे.

तुझाच,
धाकटा

ता. क. तुझे मोजे हिच्या हातांना अगदी मापात बसतात. न विचारता दिले, रागावू नकोस. मला दोन बोटे सैल असा नवा जोड हवा.

ता. क. तो टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आलीस की हिच्या आईला भेट. काय बोलायचे ते तुला मी काय सांगणार.

ता. क. मावशी, नमस्कार. एवढे माझ्या मनाने लिहिते आहे. वरचा मजकूर सांगून झाल्यावर तो खोडून टाक, असे हे म्हणत होते. मी खोडलेला नाही. आई रविवारी घरीच असते.