लोणावळ्यात खाल्लेल्या शिव्या

रविवार, संध्याकाळ. तळेगाव.

आज लोणावळ्यात भर बाजारात शिव्या खाल्ल्या आणि मी अजून हवेत आहे! इतकी वर्षं काम करतेय, अशी पावती कधी मिळाली नव्हती.

चिक्कीच्या दुकानात उभी होते. तिकोणा पेठ गावच्या एका मावशींनी मला ओळखलं आणि थेट दंडच धरला. "तूच ना ती शिरेलमधली सासू? सुनंला एचआयव्ही झाला म्हून तिचा कप येगळा ठिवतीस? लाज न्हाई वाटत?"

"अहो मावशी, ती भूमिका आहे." ऐकतात कुठल्या! "उष्ट्या कपानं त्यो आजार व्हत न्हाई. डाक्टरीणबाई तुज्याम्होरंच सांगत व्हती की!" आमच्या लेखकाचं वाक्य, जसंच्या तसं! मला तिथंच नाचावंसं वाटलं.

मग त्या जवळ सरकल्या. आवाज एकदम खाली. "माज्या सुनंला बी त्योच आजार हाय. तिचा कप म्या बी येगळाच ठिवलाय, खिडकीत. काल तुला बघितलं आन मला माजीच चीड आली."

खिडकीत! मालिकेत आम्ही तो कप फळीवर ठेवलाय. खिडकी आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती.

तेवढ्यात समोर त्यांची एसटी लागली. पायरीवरून ओरडल्या, "तू कवा पिणार गं सुनंच्या कपातनं?"

"उद्या त्याच सीनचं शूटिंग आहे, मावशी!"

"मंग म्या तुज्या आदी पिते. आजच!"