अठ्ठावीस खोटी मुलं

रत्नागिरी,
१२ जानेवारी १९८६

प्रिय उमा,

तुझ्या संस्थेचं टाइप केलेलं पत्र येऊन दीड महिना झाला. खाली सही तुझी आणि वर मायना ‘आदरणीय पर्यवेक्षिका’. आई गेल्यावर जिने तुला वाढवलं, घट्ट वेण्या घालून शाळेत पिटाळलं, ती आता आदरणीय पर्यवेक्षिका झाली. कॉन्व्हेंटात सिस्टर एग्नेस सांगायच्या की रागाचं पत्र एक रात्र उशीखाली ठेवावं. मी पंचेचाळीस रात्री ठेवलं. राग तसाच आहे, मजकूर तेवढा बदलला.

तुझं म्हणणं असं की हौसा सुईणीने नोंदवलेली अठ्ठावीस बाळं खोटी आहेत. त्यांच्या आया गरोदर बायकांच्या यादीत कुठेच नाहीत, सबब हौसाला कमी करावं आणि तिचं गाव अभ्यासातून वगळावं. अगं, अडीच वर्षांपूर्वी तूच माझ्या ओटीवर बसून हा अभ्यास मला समजावला होतास. बारा गावं घ्यायची, हगवण लागलेल्या मुलाला घरचंच मीठ-साखरेचं पाणी आणि मीठ घातलेली पेज दिली तर ते वाचतं का ते पाहायचं, आणि मुलं वाचतात अशी खात्री पटली तर कुटुंबं आपोआप लहान होतात का तेही पाहायचं. मी म्हटलं, चौतीस वर्षं नर्स होते, उत्तर आत्ताच सांगते. तू म्हणालीस, सरकारं मावश्यांचं ऐकत नाहीत, आकड्यांचं ऐकतात. ते मला पटलं, म्हणून निवृत्तीनंतर पुन्हा चपला झिजवायला लागले. आणि ज्या गावात दोन पावसाळ्यांत हगवणीने एकही मूल गेलं नाही, नेमकं तेच गाव तू खोडलंस.

हौसाला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती घरापुढच्या खळ्यात सुकट निवडत बसली होती. तिने एवढंच विचारलं, “बाय, मी न्हाऊ घातलेली पोरां खोटी कशी? खोटी पोरां रडतात काय?” मग ती पुन्हा सुकट निवडायला लागली. जिला अर्धी वाडी आजी म्हणते, तिला साठाव्या वर्षी लबाड ठरवायचं, तेही मुंबईतल्या पंख्याखाली बसून.

तुझ्या पत्राला कडेला भोकं असलेला कॉम्प्युटरचा तो लांबलचक कागद जोडलेला होता. त्याच्या तळाशी आणखी एक यादी सापडली. सत्तावीस गरोदर बायका, ज्यांची नोंद झाली आणि पुढे बाळंतपण नाही, मूल नाही, काही नाही. सत्तावीस पोटुशा बायका गेल्या कुठे, हे तुमच्या त्या वातानुकूलित खोलीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी शोधायला निघाले. एस.टी. जाईल तिथवर एस.टी.ने, पुढे माझ्या गुडघ्यांच्या मर्जीने.

यादीतली पहिली वैशाली. दारात गेले तर कडेवर दहा महिन्यांचं गुटगुटीत मूल. कुठे बाळंत झालीस विचारलं, तर म्हणे माहेरी, हौसाआजीच्या हातून. मग हौसाच्या वहीत तू का नाहीस? पोरगी लाजून हसली. माहेरी तिला वैशाली म्हणून कोण ओळखतं? तिथे ती तुळसा. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सासरी वैशाली झाली. सासरी गरोदर राहिली वैशाली आणि पहिलटकरीण म्हणून माहेरी जाऊन बाळंत झाली तुळसा. तुमच्या कॉम्प्युटरने एकीच्या दोघी केल्या, एक बाळंतच न झालेली आणि दुसरी गरोदर न राहताच बाळंत झालेली. आपल्या बारा गावांतल्या सोयरिकी बाराच गावांत होतात, म्हणून हे इतकं माजलं. फॉर्मवर ‘स्त्रीचं नाव’ एवढंच छापलेलं होतं. मला सुचलं नाही हे कबूल करते. माझं लग्न झालं नाही, कमला म्हणून जन्मले आणि कमलाच राहिले. पण तुला सासरी शर्वरी म्हणतात ना गं? तुला सुचायला हवं होतं.

मी तार केली आणि तुमचे आकडेवारीवाले गोपाळकृष्ण आले. मी सत्तावीस जणींना मुलांसकट हौसाच्या खळ्यात बोलावलं होतं. उमा, तू ते पाहायला हवं होतंस. कुणी रांगतंय, कुणी कोंबडीच्या मागे, कुणी मीठ घातलेली पेज अंगभर लावून घेतलेली, आणि मध्ये तो बिचारा एकेकीला दोन्ही नावं विचारून खुणा करतोय. दुपारपर्यंत सत्तावीस आया जुळल्या. मग चष्मा पुसत तो म्हणाला की तरी एक मूल जादा आहे. हौसा उठली आणि त्या बायकांतल्या राहीची दोन्ही मुलं तिने त्याच्या मांडीवर बसवली. “जुळी हायती. यातला जादाचा कुठला ता तुमीच सांगा.” जादाच्याने तत्काळ तुमच्या कागदावर आपली नोंद केली. कागद वाळत घालावा लागला. इतक्या बायका एकदम हसताना मी बऱ्याच वर्षांनी ऐकल्या. त्याच हसण्यात मी सगळ्यांना विचारून घेतलं, तर सत्तावीसपैकी एकोणीस जणी म्हणाल्या की दुसऱ्याची घाई नाही, हे तर चांगलं जगलंय. लिहून घे, सरकारला कळव.

गाव अभ्यासात परत आलं, हौसाही आली, हे तुला गोपाळकृष्णांनी सांगितलंच असणार. त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. निघताना ते बोलून गेले की तुला सातवा महिना लागलाय आणि मावशी रागावलेली आहे म्हणून तू बाळंतपण मुंबईतच उरकणार आहेस. रागावलेली आहेच. त्याचा येण्याशी काय संबंध? पहिलटकरीण आहेस, माहेर एकच आहे, आणि ते मी आहे. डॉक्टरांना विचार आणि दिवसाच्या गाडीने ये. बाळंतपण इथल्या इस्पितळात होईल, तिथल्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलंय. फक्त आल्या आल्या हौसाच्या खळ्यात जायचं आणि तिची मुलं खरी आहेत असं तिच्या तोंडावर म्हणायचं. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, माफीबिफी नको. “येऊं दे तिला. एकोणतिसावां मी न्हाऊ घालीन. नोंद तिनां लिवायची.”

तुझीच, राग आणि डिंकाचे लाडू दोन्ही तयार ठेवलेली,
कमलामावशी