विहीणबाईंच्या सशाविरुद्ध

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

कोरगावला सिद्धीच्या सासरी गणपतीच्या दर्शनास जाऊन आलो. मूर्ती सुबक. मूर्तीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी भरगच्च, परंतु उजवीकडे कललेली. तसे निदर्शनास आणून दिले. कोणी हललेही नाही.

नात गौरवी (वय अडीच) माझ्याजवळ आली नाही. म्हापशाहून आणलेले, बाराखडी बोलून दाखवणारे यंत्र खोक्यातच राहिले. तिच्या काखेत अष्टौप्रहर एक ससा. तो विहीणबाईंनी, म्हणजे सिद्धीच्या सासूबाई चंद्रावती यांनी, क्रोशाने विणलेला आहे. जेवताना ससा, झोपताना ससा, आरतीतही ससा. संधी साधून मी त्याची तपासणी केली. डावा कान उजव्याहून आखूड. टाके सैल. शेपूट चक्क तिरपी.

गौरवी माझ्याकडे का येत नाही, असे विचारता सिद्धी म्हणाली की पप्पा, ती तुमच्या मिशांना भिते. विहीणबाई लगेच म्हणाल्या की भियेना गे, पण आजो सदांच ऑडिटाक आयिल्ल्यावरी पळयता मगे. माझी नजर म्हणे ऑडिटला आल्यासारखी. सगळे हसले. माझी पत्नी सुलोचना सर्वांत मोठ्याने.

३१ ऑगस्ट, रविवार

निर्णय झाला. मी स्वतः क्रोशा शिकून बाहुली विणणार. ससा-बिसा नव्हे. बाहुली माझी स्वतःची असेल: मिशी, चष्मा, मरून शर्ट. तर्क सोपा आहे. मुलीला मिशीची भीती वाटते. मिशीवाली मऊ बाहुली तिच्या अंथरुणात आली की भीती जाईल. भीती गेली की ती मांडीवर येईल. दिवाळीपर्यंत काम पूर्ण. ससा आपोआप निवृत्त होईल.

बी.कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या, मुळगावच्या खाणीच्या हिशेब खात्यात उभी हयात काढलेल्या माणसास दोऱ्याच्या गाठी जड जाऊ नयेत.

सुलोचनाला योजना सांगितली. तिने विचारले की ह्या वयात माणसां जप करतात, तुमी कितें क्रोशाची आकडी घेवन बसतले? मी साहित्याची यादी करायला घेतली.

७ सप्टेंबर, रविवार

धाग्याची निवड. दुकानदार ॲक्रिलिक लोकर गळ्यात मारू पाहत होता. मी दोन्ही नमुने घरी आणून गॅसवर जाळून पाहिले. ॲक्रिलिक वितळले, ओघळले, घाण वास सुटला. सुती धागा मात्र स्वच्छ जळाला आणि चिमटीत मावेल इतकी शुभ्र राख उरली. सुती धागा घेण्याचे ठरले. बाहुली जळण्याचा प्रसंग येणार नाही हे उघड आहे; तरीही वस्तू कोणत्याही परिस्थितीत निर्दोष असली पाहिजे.

सुलोचनेने शेगडी दाखवून जे शब्द वापरले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. विहीणबाईंचा ससा शंभर टक्के ॲक्रिलिक असणार. असो.

१३ सप्टेंबर, शनिवार

डिचोलीत सेजल नावाची मुलगी क्रोशाचे वर्ग घेते. गेलो. वर्गात मी एकटा पुरुष. साखळी जमली. मुका खांब नावाचा टाकाही जमला. सेजल सारखी सांगत राहिली की काका, हात सैल सोडा, टाका श्वास घेऊ दे. टाका हा श्वास घेण्याचा अवयव नव्हे, हे मी तिला समजावले. तिने माझ्या तुकड्यात सुई घालून पाहिली. ती आत जाईना. मग तिने तो टेबलावर आपटला. खणकन आवाज आला. बायका हसल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

वर्ग सोडला. शिकवणाऱ्याची शिस्त सैल असली की टाकेही सैलच राहणार. यूट्यूब आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

डोके पूर्ण झाले. किंचित वाटीच्या आकाराचे. गोल मिटायला हवा होता तो मिटेना, कारण धाग्याची घट्टपणाबाबतची निष्ठा. बाजूला ठेवले. दुपारी पाहतो तर सुलोचनेने त्यात लसूण भरून ठेवली होती. म्हणाली, इतकें घट्ट टोपलें बाजारांत मेळना, आनीक दोन करा, कांद्यांक जाय.

ह्या घरात कलेस वातावरण नाही.

नवे डोके सुरू. ते मिटले. आता ते नारळाइतके कठीण आहे, म्हणजे टिकेल.

२ ऑक्टोबर, दसरा

धड, हात, पाय तयार. उंची माझ्या गुडघ्यापर्यंत. सशाशेजारी उभी केली तर ससा दिसणारही नाही. बाहुली आधाराविना उभी राहते, ही गोष्ट सेजलला कळवावी का? नको. हात मात्र दोन्ही बाजूंना ताठ राहतात, खाली येत नाहीत. मिठी मारायला तयार असल्यासारखे. ठीकच.

आत भरण्यासाठी सावरीचा कापूस लागला. लग्नातली एक उशी पडून होती. ती पडून नव्हती असे सुलोचनेचे म्हणणे आहे. आज सोने वाटायला आलेल्या प्रत्येकाला तिने उशीची रिकामी खोळ दाखवली. 

५ ऑक्टोबर, रविवार

चेहरा. हसरा हवा. हसणे म्हणजे दात. विहीणबाईंनी सशाला एका लाल टाक्यात तोंड केले आहे, हा आळस. मी प्रत्येक दात स्वतंत्र भरला. वरची रांग, खालची रांग. डोळे दुकानातील सर्वांत मोठे घेतले, प्रेम दिसावे म्हणून. मिशीला खळ घालून पीळ दिला. ती थोडी वर गेली. माझीही सणासुदीला जाते.

सुलोचना संध्याकाळी दिवा लावायला आली आणि देवाचे नाव घेऊन मागे सरली. प्रतिमा हुबेहूब असल्याचा याहून मोठा दाखला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

कारापूरच्या तिठ्यावर पोरांनी नरकासुर उभारायला घेतला आहे. बांबू, गवत, रद्दी कागद, आणि लाऊडस्पीकर. रस्ता अर्धा अडवलेला. चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या वस्तूपायी ही महिन्याची नासाडी! थांबून विचारले, परवानगी कोणाची? उत्तर आले की अंकल, नरकासुराची. चेहऱ्याचे कामही सुमार होते: डोळे नुसते रंगवलेले, दात एकाच पांढऱ्या पट्टीत. दात वेगवेगळे असले तर परिणाम साधतो, असे मी स्पष्ट सांगितले. एकाने लिहून घेतल्याचे नाटक केले.

ही पिढी काही धड करणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स्वच्छतेसाठी बाहुली धुतली. मरून शर्टाचा रंग सुटून चेहऱ्यावर चढला. सुलोचना म्हणाली, रगत पिऊन आयिल्ल्यावरी दिसता. मी याला तजेला म्हणेन. केस वाळताना उभे राहिले, ते बसवण्याचे दोन प्रयत्न केले. केसांनी मानले नाही.

मला क्षणभर शंका आली. पण शंका ही तपासणीपूर्वीची गोष्ट. माझी तपासणी झालेली आहे. बाहुली तयार.

१९ ऑक्टोबर, रविवार, सायंकाळ, कोरगाव

विजय. दुसरा शब्द नाही.

पिशवीतून बाहुली काढली. गौरवी किंचाळली आणि आईच्या मागे लपली. हे अपेक्षित होते, पहिली ओळख आहे. पण मोठ्यांची प्रतिक्रिया! विहीणबाईंनी छातीला हात लावला आणि म्हणाल्या, शिवदासबाब, तोंड कितें काडलां तुमी! काळीज धडधडता. दात पळय गे, दात! ज्या बाईने आजवर माझ्या हातच्या चहालाही बरे म्हटले नाही, तिने मला उभे राहून हात जोडले. जावई प्रज्योत म्हणाला की पप्पा, आमच्या वाड्यावर असला कोणाकडेच नाही, उद्या सगळ्यांसमोर मांडू. शेजारच्या लक्ष्मीबाई बघायला आल्या, त्या जाऊन आणखी चौघींना घेऊन आल्या. एकीने विचारले, विकत हाडलां काय? हाताने केले, असे विहीणबाईंनीच सांगितले. त्यांनीच!

बाहुलीला अंगणात प्लास्टिकच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवले. मी बंदिस्त जागा सुचवली होती, दवाने धागा आखडतो. परंतु मान अंगणातच असतो असे सगळ्यांचे मत पडले. प्रज्योतने पुठ्ठ्याचा मुकुट करून घातला. हातात चंदेरी कागदाची तलवारही दिली. हे माझ्या मूळ आराखड्यात नव्हते. लहान मुलांना राजा-बिजा आवडतो, म्हणून हरकत घेतली नाही.

आणि मुख्य गोष्ट. अर्ध्या तासाने गौरवी सिद्धीच्या पदराआडून बाहेर आली. बाहुलीपाशी गेली. मिशीला एक बोट लावले. मग दोन. मग तिने बाहुलीच्या कमरेला दोरी बांधून घेतली आणि वाड्यावरच्या पोरांबरोबर तिला अंगणभर ओढत फिरवले. पोरे ढोल म्हणून डबे बडवत होती. पाच वेळा हसली माझी नात. ससा सोप्यावर उताणा पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

 सुलोचना काहीतरी सांगायला आली, माझा आनंदी चेहरा पाहिला आणि तशीच आत परतली. अभिमानाने ऊर भरून आला असणार.

पहाटे सगळ्यांनी लवकर उठायचे ठरले आहे. बाहुलीचे काहीतरी मोठे करायचे आहे असे प्रज्योत म्हणाला. फोटो असावेत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मरून.

२० ऑक्टोबर, सोमवार, सकाळी आठ

जाळली.

अंगणाच्या मधोमध, कदेल बाजूला करून, पोटात फटाक्यांची माळ खोवून. मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो तेव्हा प्रज्योत काडी ओढत होता. नरकासुर, नरकासुर, असे पोरे ओरडत होती. मी काही बोलणार होतो. मात्र त्याच वेळी विहीणबाई साऱ्या वाड्याला सांगत होत्या की आमच्या शिवदासबाबांनी दीड महिना बसून स्वतः विणला हो, असो नरकासुर पेडण्यात जावंक ना. वाडा टाळ्या वाजवत होता. अशा वेळी वस्तुस्थिती सांगणे औचित्यास धरून नसते.

सावरीचा कापूस उत्तम पेटतो. डोळे प्लास्टिकचे होते, ते ओघळले. दात शेवटपर्यंत टिकले. सुती धाग्याबाबतचा माझा निष्कर्ष बरोबर ठरला: वास नाही, वितळणे नाही, मुठीत मावेल इतकी पांढरी राख. हे कोणाला सांगितले नाही.

जाळाकडे बोट दाखवून गौरवी म्हणाली, आजो. सिद्धी म्हणाली, नाही गे, आजो हो बाजूक उबो आसा. गौरवीने मान हलवली आणि पुन्हा जाळाकडेच बोट दाखवले. मग राखेला टाटा केला. माझी बाहुली बरोबर ओळखणारी संपूर्ण पेडणे तालुक्यात एकच व्यक्ती निघाली, आणि तिने बाहुलीचा निरोपही घेऊन टाकला.

त्यानंतर सर्वांनी दारात कारीट फोडले आणि पोहे खायला बसलो. माझी कदेल पोह्यांच्या ताटलीला सर्वांत जवळची. त्यामुळे, आणि केवळ त्यामुळेच, असे विहीणबाईंनी स्पष्ट केले, गौरवी माझ्या मांडीवर चढली. तिने वळून माझी मिशी ओढून पाहिली. ती जागेवर होती. मग पोह्यांसाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने ससा माझ्या हातात दिला.

विहीणबाईंनी पुढच्या वर्षीच्या नरकासुराचे काम आत्ताच माझ्याकडे सोपवले. सुलोचनेने उशा लपवणार असल्याचे जाहीर केले.

सशाचा डावा कान आखूडच आहे. पुन्हा पाहिला. पोहे संपेपर्यंत माझ्या हातात होता.