टाक्याच्या तोंडाशी थांबलेलं गाणं

मी, कोझिमो लाबाते, वय एकोणपन्नास, रोक्कासेरा गावच्या चर्चचा सेवेकरी आणि रविवारचा हार्मोनियमवादक, देवाला साक्षी ठेवून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. डॉक्टरांनी माझ्या हृदयाची मुदत सांगितली आहे. डोकं ठिकाणावर आहे.

ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी मी बैठकीतला पियानो उघडला. घरात मृत्यू झाला की आमच्याकडे पियानोला वर्षभर कुलूप असतं. १९०४ साली एर्सिलिया आत्या गेली तेव्हा बाबांनी घातलेलं कुलूप मात्र सत्तावीस वर्षं निघालं नाही. किल्ली त्यांच्या गळ्यात, संताच्या पदकाशेजारी असे. आता बाबांचंही वर्ष सरलं होतं.

"दादा, आधी खिडकी लाव," बहीण आदोलोराता म्हणाली, "नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा गेला आणि पोराला कंठ फुटला!"

तारांखाली, वेदीच्या कापडात गुंडाळलेली मेणाची नळी होती. पूर्वी फोनोग्राफवर घरीच आवाज भरत, तशी. मी ती लावली. आत्या ऑपेरातलं गाणं गात होती, बाबा, म्हणजे तिचा भाऊ ओत्ताव्यो, पियानोवर साथ करत होते. मध्येच ती थांबली.

"ओत्ताव्यो, मी उद्या नापोलीला जाते. थिएटरनं बोलावलंय."

"लाबात्यांची पोरगी रंगमंचावर? आधी या घरातून जिवंत बाहेर पड."

"हात सोड. टाक्याचं झाकण उघडं आहे!"

मग किंकाळी, आणि खोल खाली पाणी. त्यानंतर पियानो जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला आणि शेवटपर्यंत वाजला.

पावसाच्या पाण्याचं टाकं आमच्या बैठकीखालीच आहे, त्याचं तोंड पियानोजवळच उघडतं. तेव्हा मी लष्करी चाकरीवर होतो. तिनं जीव दिला, असं गाव म्हणालं. म्हणून चर्चच्या नियमानं तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. पाणी आम्ही तेच पीत राहिलो.

घर आदोलोराताला. टाक्याचं तोंड तिनं दगड-चुन्यानं बुजवावं.

पियानो चर्चच्या गायनवर्गाला, कुलूप काढून.

ऑपेराच्या जुन्या तबकड्या व्हितो न्हाव्याला. तीन त्यानं नऊ वर्षांपूर्वी "उद्या आणतो" म्हणून नेल्या, त्याही त्याच्याच. साबणाचे हात लावू नयेत.

सूर जुळवायची अवजारं कोणालाही द्यावीत, चुलतभाऊ रोक्कोला नको. त्यानं आत्याला भर बाजारात वेडी म्हटलं होतं.

नळीबद्दल आदोलोराता म्हणाली, "जाळ ती. बाबांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय."

"मलाही," मी म्हणालो.

सुई दर वेळी थोडं मेण खाते, म्हणून नळी दोनदाच वाजवली. दुसऱ्यांदा फादर गास्पारेंसमोर. ते म्हणाले, "कोझिमो, ऐकलं नाही असं आता मला म्हणता येणार नाही." नळी त्यांच्याकडेच राहील.

आमच्या कौटुंबिक थडग्यात एकच कोनाडा उरला होता, माझ्यासाठी राखलेला, बाबांच्या बरोबर समोरचा. आज सकाळी फादरांच्या प्रार्थनेत मी आत्याला तिथे ठेवलं. भिंतीबाहेरचा तिचा खड्डा बुजवू दिलेला नाही, तो माझा.

बाबांना मी हलवलेलं नाही. त्यांनी आता तिच्यासमोरच निजायचं.

सही: कोझिमो लाबाते
साक्षीदार: फादर गास्पारे मोंतेमुर्रो, व्हितो लाफ्रात्ता, न्हावी
रोक्कासेरा, पुल्या. ९ नोव्हेंबर १९३१