जहाजाचं हलणं

बंगालचा उपसागर,
१२ मार्च १९८७

ती. अप्पांना,
नीलम्माचे शरणार्थ. मी बरी आहे. खाल्लेलं आता पोटात टिकतं. हे पत्र विशाखापट्टणमला टपालात पडेल.

निघायच्या आदल्या दिवशी तुमचं कार्ड मिळालं. नवा जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली, तरी तुम्ही उस्मानाबादच लिहिता. या कार्डावर मात्र लातूर होतं. अक्षर दादाचं. 'चष्मा मोडला' असं तुम्ही त्याच्याकडून लिहवलंत.

समोरच्या दुकानातले रेवणप्पा म्हणाले म्हणे, "मुरुडात हंडे रांगेत, अन् लेक पाण्यावर बसून आभाळ बघायली व्हय?" त्यांना सांगा, मी पाऊस शोधत नाही. आमचं रडार सरळ वर लहरी सोडतं. ढग नसला तरी जिथे हवा घुसळते तिथून थोडं काही परत येतं. कोरड्या आभाळातली ती खळबळ आम्ही मोजतो.

अडचण अशी की जहाजही हलतं. त्याचं हलणं वेगळं मोजून वजा करावं लागतं. ते माझं काम. परवा चुकले. जहाजाचं हलणं हवेचं म्हणून लिहिलं. साहेब रागावले नाहीत, कागद परत दिला. तो हातात धरून मी बसले आणि संक्रांत आठवली.

तुम्ही पूजेला बसला होता. डाव्या तळहातावर इष्टलिंग. तुम्ही विचारलंत, "नीले, हात हालतो का गं माझा?"

"न्हाई अप्पा. दिवा हालतोय."

वारा नव्हता. ज्योत सरळ होती. तुम्ही "हाव" म्हणालात आणि लिंग वस्त्रात बांधलंत.

कार्डाच्या कोपऱ्यात दादानं आपल्या मनानं एक ओळ घातली आहे. त्याला रागावू नका. तुम्ही हल्ली दार लावून पूजा करता, असं त्यानं लिहिलंय.

हात हालतो, अप्पा. मी पाहिलं होतं. भ्याले.

सहा एप्रिलला सोमवार आहे. मी आदल्या दिवशी येते. पूजा झाली की लातूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ.

मीही इथे रोज पूजा करते. हात ताठ केला तर लिंग घसरतं. सैल ठेवला तर जहाजाबरोबर हलतो आणि पडत नाही. सोमवारी दार लावू नका. तुमच्या तळहाताखाली मी माझा धरीन.

उत्तर तुमच्या हातानं लिहा. हललेल्या रेघा मला वाचता येतात. जिल्हा उस्मानाबाद चालेल.

दिव्यावर आळ घालणारी तुमची,
नीले